वनपासवर्डचा ट्रॅव्हल मोड: पासवर्ड सुटतात, व्हॉट्सअ‍ॅप अडकतं

ऑफिसमध्ये कुणाचं अमेरिकेच्या बी-वनचं, म्हणजे कामानिमित्त जायच्या व्हिसाचं, स्टॅम्पिंग झालं की हल्ली पहिला प्रश्न थंडीच्या कपड्यांचा नसतो, फोनचा असतो. खरंच तपासतात का गं तिथले इमिग्रेशनवाले फोन? मग कुणीतरी हमखास सांगतं की वनपासवर्ड घे, त्यात ट्रॅव्हल मोड आहे, एक बटण दाबलं की सगळं गायब. तर हे "सगळं गायब" प्रकरण नेमकं किती गायब आहे ते लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं. मी हे अ‍ॅप स्वतःच्या खिशातले पैसे भरून वापरते आणि अमेरिकेला जाताना ट्रॅव्हल मोड लावूनच निघते. आधीच सांगून टाकते, जे करतो म्हणतो ते तो अगदी चोख करतो. पण जे करतो म्हणतो ते फार थोडं आहे, आणि आपल्या लोकांच्या फोनमध्ये ज्याच्यामुळे वांधे होऊ शकतात ते बहुतेक सगळं त्याच्या हद्दीबाहेर राहतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वनपासवर्ड हा पासवर्ड मॅनेजर आहे, कंपनी टोरोंटोची. पासवर्ड, कार्डं, नोट्स, पासपोर्टचे स्कॅन असं सगळं त्यात व्हॉल्टमध्ये राहतं, व्हॉल्ट म्हणजे कप्पे समजा, हवे तितके करता येतात. ट्रॅव्हल मोडसाठी वेबसाईटवर जाऊन जे कप्पे सोबत न्यायचेत त्यांना "सेफ फॉर ट्रॅव्हल" ठरवायचं आणि मग प्रोफाइलमध्ये जाऊन मोड ऑन करायचा. बाकीचे कप्पे फोनवरून, लॅपटॉपवरून, ब्राउझरच्या एक्स्टेन्शनमधून निघून जातात. लपत नाहीत हां, निघून जातात, त्यांच्या एन्क्रिप्शनच्या कीजसकट, म्हणजे कुलपाच्या किल्ल्यांसकट. हा फरक मोठा आहे, कारण लपवलेली फाईल फॉरेन्सिक मशीनला सापडू शकते पण जी नाहीच ती कुठून सापडणार. घरात सोनंच नाही म्हटल्यावर कुणी कपाटाची किल्ली मागितली तर देऊन मोकळं व्हायचं, तसा हिशोब. अ‍ॅपमध्ये मोड चालू असल्याची पट्टीबिट्टी काही दिसत नाही, उरलेले कप्पे रोजच्यासारखे दिसतात, आणि बंद करायचं बटण अ‍ॅपमध्ये मुद्दामच दिलेलं नाही, परत वेबसाईटवर लॉगिन केल्याशिवाय काही परत येत नाही.

माझ्याकडे "प्रवास" नावाचा एक कप्पा आहे. त्यात एअरलाईन, हॉटेल, उबर, एक क्रेडिट कार्ड, ट्रॅव्हल इन्शुरन्सचा पॉलिसी नंबर, दादाचा न्यू जर्सीतल्या एडिसनचा पत्ता आणि जीमेलचा पासवर्ड एवढंच. नेटबँकिंग, डीमॅट, इन्कम टॅक्सचं पोर्टल, म्युच्युअल फंड, आईचे मेडिकल रिपोर्ट्स, घराच्या वायफायपासून सोसायटीच्या अ‍ॅपपर्यंत सगळं दुसऱ्या कप्प्यांत, ते पुण्यातून निघतानाच जातं. हे वाटून ठेवायला एक रविवार गेला, कारण वर्षानुवर्षं सगळं एकाच ठिकाणी कोंबलेलं होतं. पण त्या निमित्ताने बंद पडलेल्या साईट्सची अकाउंटं, जुन्या कंपनीचे पासवर्ड, कुठल्या तरी ट्रेकिंग ग्रुपचं लॉगिन असला ढीगभर कचरा निघाला, तो फायदा वेगळाच. खरं सांगायचं तर कप्पे पाडणं हेच काम आहे, मोड ऑन करणं म्हणजे दोन क्लिक.

आता खोच. मोड ऑन केला म्हणजे त्या क्षणी सगळ्या डिव्हाइसवरून डेटा उडाला असं नाही. प्रत्येक डिव्हाइसवर इंटरनेट चालू असताना अ‍ॅप उघडून अनलॉक करावं लागतं, तेव्हा ते कप्पे जातात. म्हणजे बॅगेच्या तळाशी एक जुना टॅब आहे, मुलांसाठी घेतलाय, त्यात वनपासवर्ड आहे पण सहा महिने कुणी उघडलेलं नाही, तर त्यात जुनं सगळं जसंच्या तसं बसलेलं असणार, मोड ऑन असो नाहीतर ऑफ. हे वेबसाईटवर मदतीच्या पानावर लिहिलंय, पण निघायच्या गडबडीत कोण वाचतं. मला वाटतं मोड ऑन केल्यावर कुठल्या डिव्हाइसवरून कप्पे गेले आणि कुठल्यावरून जायचेत अशी सरळ यादी दाखवायला हवी, ठळक, लाल अक्षरात. एवढ्या महागड्या अ‍ॅपला हे जड नाही.

आणि हे सगळं घरून निघतानाच उरका, विमानतळावर नको. मुंबईच्या टी-टूवर वायफायसाठी ओटीपी, मग लॉगिन, मग टू-फॅक्टर म्हणजे पासवर्डनंतरचा दुसरा कोड, त्यात मागून आई "चल गं, बोर्डिंग लागलं" म्हणत असते. दुसरं म्हणजे तुम्ही अबू धाबीवरून जात असाल तर अमेरिकेचं इमिग्रेशन अमेरिकेत होतच नाही, तिथेच अबू धाबीला होतं, २०१४ पासून तिथे त्यांचं प्रीक्लिअरन्स आहे. म्हणजे "न्यूयॉर्कला उतरायच्या आधी करू निवांत" असं डोक्यात असेल तर तो चान्स एक विमान आधीच गेलेला असतो.

हे फीचर आलं २०१७ च्या मे महिन्यात, आणि तेव्हाच का आलं ते आठवलं की त्याची रचना जास्त कळते. त्याच वर्षी जानेवारीत नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेतले इंजिनिअर सिद बिक्कन्नवर चिलीहून परत येताना ह्यूस्टनला अडकले होते. जन्माने अमेरिकन नागरिक, फोन ऑफिसचा, तरी त्यांना पिन द्यायला लावला. पुढे असे अकरा जण मिळून कोर्टात गेले, त्यात तेही होते, खालच्या कोर्टात थोडं यश आलं पण २०२१ मध्ये अपील कोर्टाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे २०१४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने अटक केलेल्या माणसाचा फोन बघायलाही वॉरंट लागतं असं सांगितलं होतं ते देशाच्या आत. बॉर्डरवर कस्टम्सचे जुने अधिकार चालतात, तिथे साध्या तपासणीला वॉरंट मागत नाहीत. न्यूयॉर्कमधल्या एकदोन जिल्हा न्यायाधीशांनी अलीकडे वॉरंट लागायला हवं असं म्हटलंय, पण तुम्ही उतरणार सॅन फ्रान्सिस्कोला, आणि काउंटरवर उभं राहून न्यूयॉर्कचा निकाल कुणाला वाचून दाखवणार.

ट्रॅव्हल मोड अमेरिकेत का चालतो याचं उत्तर सीबीपीच्या, म्हणजे अमेरिकेच्या कस्टम्स आणि बॉर्डरच्या खात्याच्या, २०१८ च्या जानेवारीतल्या डिरेक्टिव्हमध्ये म्हणजे नियमावलीत आहे. त्यात म्हटलंय की ऑफिसरने फक्त डिव्हाइसवर जे आहे तेच बघायचं, क्लाउडमध्ये जायचं नाही, आणि त्यासाठी आधी नेटवर्क बंद करायचं, म्हणजे फोन फ्लाइट मोडला टाकायला लावतात. आता नेटवर्क बंद आणि कप्पे सर्व्हरवर, मग बघणार काय? हे अगदी मापात बसतं. तपासणीचे दोन प्रकार आहेत. बेसिक म्हणजे ऑफिसर हाताने स्क्रोल करून बघतो, त्याला काही कारण लागत नाही. अ‍ॅडव्हान्स्ड म्हणजे बाहेरचं मशीन लावून डेटा कॉपी करतात, त्याला वाजवी संशय किंवा राष्ट्रीय सुरक्षेचा मुद्दा आणि वरिष्ठांची मंजुरी लागते. फोन ठेवून घेतला तर साधारण पाच दिवसांची मुदत, पण ती वाढवता येते, आणि ठेवून घेतल्याची पावती मिळते, फॉर्म ६०५१डी, ती मागून घ्या. कॉपी केलेला डेटा मात्र लवकर जात नाही. २०२२ मध्ये सिनेटर रॉन वायडन यांनी बाहेर काढलं की तो एका डेटाबेसमध्ये १५ वर्षं राहतो आणि २,७०० ऑफिसर तो विनावॉरंट चाळू शकतात.

घाबरवायचा हेतू नाही म्हणून आकडाही सांगते. २०२४ च्या आर्थिक वर्षात सीबीपीने ४७,०४७ डिव्हाइस तपासली, त्यातली ४,३२२ अ‍ॅडव्हान्स्ड, आणि प्रवासी होते ४२ कोटींच्या आसपास. म्हणजे साधारण नऊ हजारांत एक. २०२५ च्या एप्रिल ते जून या एका तिमाहीत तो आकडा १४,८९९ झाला, म्हणजे वाढतोय हे खरं, तरी तुमचा नंबर लागेलच असं नाही. बहुतेकांना बोटांचे ठसे, फोटो, "किती दिवस राहणार, कुणाकडे राहणार" आणि शिक्का. सेकंडरीला म्हणजे जास्तीच्या चौकशीला पाठवलं तरच हा विषय निघतो.

पण निघाला तर? इथे इंटरनेटवरचे सगळे अमेरिकन रिव्ह्यू आपल्या कामाचे नाहीत. ते लिहिणारे नागरिक असतात. ते म्हणतात पासकोड देऊ नका, फार तर फोन ठेवून घेतील. त्यांचं बरोबर आहे, नागरिकाला घरी जाण्यापासून अडवता येत नाही. तुम्ही बी-वनवर आहात, नोकरीच्या एच-वनवर आहात, आईबाबा पर्यटकांच्या बी-टूवर आहेत, तर नाही म्हणण्याचा अधिकार कागदावर आहे आणि ऑफिसरला तुम्हाला आल्या पावली परत पाठवायचा अधिकारही कागदावर आहे. म्हणून आपल्यासाठी "पासवर्ड नाही देणार" ही लाईन नाहीच. फोन उघडून द्यावा लागला तरी चालेल अशा अवस्थेत फोन असणं, एवढाच मार्ग उरतो, आणि ट्रॅव्हल मोड नेमका या विचारावर बांधलेला आहे. फक्त एक, विचारलं तर खोटं बोलायचं नाही. "अजून पासवर्ड आहेत का?" "आहेत, प्रवासात लागत नाहीत म्हणून सोबत आणले नाहीत." संपलं. तिथे फेडरल ऑफिसरशी खोटं बोलणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, फोनमध्ये काही सापडो न सापडो.

दुसऱ्या देशांत हीच जादू चालेल असं धरून चालू नका. ब्रिटनमध्ये टेररिझम अ‍ॅक्ट २००० चं शेड्यूल सात आहे, त्याखाली संशयाशिवायही थांबवू शकतात, सहा तासांपर्यंत ठेवू शकतात आणि पासवर्ड द्यायला नकार हाच गुन्हा, २०१७ मध्ये एका संस्थेच्या संचालकाला त्यावरून दोषी ठरवलं होतं. न्यूझीलंडला २०१८ पासून नकाराला पाच हजार डॉलरपर्यंत दंड आहे, न्यूझीलंडचे डॉलर. आणि २०१९ मध्ये किर्गिझस्तानकडून चीनच्या शिनजियांगमध्ये शिरणाऱ्या पर्यटकांच्या अँड्रॉइड फोनमध्ये सरळ अ‍ॅप टाकून मेसेज, कॉन्टॅक्ट उचलत होते. कप्पे काढून टाकल्याने तिथेही नुकसान कमी होईल, पण फोनच हातातून गेला तर पासवर्ड मॅनेजर काय करणार. आपल्याकडे तर वेगळीच तऱ्हा, आपण डेटापेक्षा डिव्हाइसवरच आक्षेप घेतो. सॅटेलाइट कम्युनिकेटर आणला म्हणून गोव्यात विमानतळावर परदेशी पाहुण्यांना पकडल्याच्या बातम्या २०२४ च्या डिसेंबरात वाचल्या असतील. कुणी परदेशी मित्र सह्याद्रीत ट्रेकला येणार असेल तर त्याला गार्मिन इनरीचसारखं असलं यंत्र घरी ठेवायला आधीच सांगा.

बरं, आता मुख्य तक्रार. ही वनपासवर्डची चूक नाही, त्याच्या मर्यादेची गोष्ट आहे, पण विकत घेणाऱ्याला माहीत हवी. ऑफिसरला तुमच्या नेटबँकिंगच्या पासवर्डमध्ये काडीचा रस नाही. तो उघडतो गॅलरी, व्हॉट्सअ‍ॅप, ईमेल, फेसबुक. टूरिस्ट व्हिसावर येऊन काम करणार आहे का, कुणाशी "जॉब बघ रे माझ्यासाठी" असं बोलणं झालंय का, राजकीय काय आहे, हे बघतो. २०२५ च्या मार्चमध्ये बोस्टनला एका लेबनीज किडनी डॉक्टर बाईंना परत पाठवलं, सरकारने कोर्टात दिलेल्या कागदांत फोनमध्ये सापडलेल्या फोटोंचा उल्लेख होता, आणि ते फोटो डिलीट केलेल्या फोल्डरमध्ये होते. डिलीट केलेल्या! आयफोनवर "रिसेंटली डिलिटेड" तीस दिवस राहतं, गुगल फोटोजची ट्रॅश बॅकअप झालेल्या फोटोंना साठ दिवस ठेवते. त्याच वर्षी नॉर्वेचा एक तरुण म्हणाला की मला मीममुळे परत पाठवलं, सीबीपी म्हणाली मीममुळे नाही, त्याने ड्रग्ज घेतल्याचं कबूल केलं म्हणून. खरं काहीही असो, मीम गॅलरीत होतं आणि ऑफिसरने पाहिलं असं त्या तरुणाचं तरी म्हणणं आहे.

या कसोटीवर आमच्या बाबांचा फोन. बाबा दादाकडे निघाले होते, मी म्हटलं आणा फोन, जरा आवरून देते. वनपासवर्ड त्यांच्याकडे नाही, फॅमिली प्लॅनमध्ये घालून द्यायचा विचार होता. गॅलरी उघडली तर हजारो चित्रं. सुप्रभात, शुभ रात्री, एकादशी, गुडघेदुखीवर मेथी, आणि त्यांच्या मधूनमधून दोन्ही पक्षांची व्यंगचित्रं, कुठल्या तरी युद्धाचे व्हिडिओ, ट्रम्पचे दोनचार विनोद, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर जे येईल ते आपोआप उतरत होतं. बाबांनी यातलं एकही स्वतः शोधलेलं नाही, पण फोन त्यांचा. मग कॉन्टॅक्ट्स. त्यात "बाळू स्टेट बँक" नावाचा माणूस आहे, आमच्या ओळखीत बाळू कुणी नाही. नंबरचे शेवटचे चार आकडे म्हणजे एटीएमचा पिन. "सदू महाबँक" पण आहे. "सुमन गॅस" ही मात्र खरी निघाली, सिलिंडरवाल्याची बायको.

"अहो बाबा, हे काय?"

"अगं, कुणाला कळणारे? आणि त्या गोऱ्याला मराठी कुठं वाचता येतंय!"

तर त्याच डिरेक्टिव्हमध्ये भाषांतरासाठी मदत घ्यायची तरतूद आहे, हे मी त्यांना सांगितलं. बाबा जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, मग बाळूचं नाव इंग्रजीत करू का.

सांगायचा मुद्दा, ट्रॅव्हल मोड बाबांच्या फोनला काही उपयोगाचा नव्हता. उपयोग झाला तो व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमधली मीडिया व्हिजिबिलिटी, म्हणजे आलेली चित्रं गॅलरीत दाखवणं, बंद करण्याचा, ऑटो-डाउनलोड बंद करण्याचा, गॅलरीतले फॉरवर्ड्स उडवून मग ट्रॅशही रिकामी करण्याचा, आणि बाळू-सदूला कागदावर उतरवून आईच्या स्वाधीन करण्याचा. पैसे शून्य. ज्यांना व्हॉट्सअ‍ॅपही न्यायचं नाही त्यांनी एन्क्रिप्टेड बॅकअप घेऊन अ‍ॅपच काढून टाकावं आणि पोचल्यावर परत टाकावं, फक्त परत टाकताना भारतीय नंबरवर ओटीपी येणार, सिम आणि रोमिंग चालू हवं. आणि हे सगळं आदल्या आठवड्यात, इमिग्रेशनच्या लायनीत उभं राहून फोन पुसत बसायचं नाही, ते दिसायला वाईट दिसतं आणि पुरावा नष्ट केल्याचा आरोप ओढवून घ्यायची गरज नाही.

सोशल मीडियाचं तर बोलूच नका. व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये २०१९ पासून पाच वर्षांतली हँडल्स लिहून द्यावी लागतात, २०२५ च्या जूनपासून विद्यार्थ्यांना आणि डिसेंबरपासून एच-वन आणि त्यांच्या कुटुंबाच्या एच-फोरवाल्यांना प्रोफाइल पब्लिक ठेवायला सांगितलंय. म्हणजे तो भाग बॉर्डरच्या आधीच मुंबईच्या बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत उघडा झालेला असतो, तिथे कसला ट्रॅव्हल मोड.

आता आपल्याकडच्या खास अडचणी, ज्या कुठल्याच परदेशी रिव्ह्यूत मिळणार नाहीत. मोड ऑन केल्यावर त्या कप्प्यांतल्या पासकीज, म्हणजे पासवर्डऐवजी चालणाऱ्या डिजिटल किल्ल्या, आणि सहा आकडी ऑथेंटिकेटर कोडही जातात. गुगलची पासकी नेमकी काढलेल्या कप्प्यात असेल तर न्यू जर्सीत बसून जीमेल उघडत नाही. त्याहून मोठं म्हणजे खुद्द वनपासवर्डच्या वेबसाईटवर लॉगिन करायला जे टू-फॅक्टर लागतं त्याचा कोड वनपासवर्डमध्येच ठेवलेला असेल तर झालंच कल्याण. शिवाय नवीन डिव्हाइसवर लॉगिन करायला नुसता पासवर्ड पुरत नाही, सीक्रेट की लागते, चौतीस अक्षरांची, ती "इमर्जन्सी किट" नावाच्या पीडीएफमध्ये असते. ती पीडीएफ त्याच लॅपटॉपवर ठेवून लॅपटॉप जप्त झाला तर? प्रिंट काढा, एक घरी कपाटात, एक दादाकडे. सुरक्षेसाठी ही की चांगलीच आहे, कंपनीचा सर्व्हर फुटला तरी नुसत्या पासवर्डने काही उघडत नाही, पण साठीच्या पुढच्या माणसाला ती समजावून सांगणं हा वेगळा कार्यक्रम आहे.

"मग साधा स्वस्त दुसरा फोनच ने की" हा सल्ला ऐकायला सोपा. सिम नव्या फोनमध्ये टाकलं की यूपीआय नव्याने जोडावं लागतं, त्यासाठी त्याच सिमवरून एसएमएस जावा लागतो, आणि वरून पहिले चोवीस तास पाच हजारांची मर्यादा. बँकेचं अ‍ॅप नवीन डिव्हाइस म्हणून कधी डेबिट कार्डचे डिटेल्स मागतं, कधी सरळ शाखेत या म्हणतं, शाखा सदाशिव पेठेत आणि तुम्ही एडिसनमध्ये. एनआरआय मंडळींना आता अमेरिकेसकट काही देशांतल्या नंबरवर यूपीआय मिळतं, पण पंधरा दिवसांच्या पाहुण्याला त्याचा काय उपयोग. त्यामुळे मला विचाराल तर रोजचा फोन हलका करून नेणं हेच आपल्याला झेपतं. ऑफिसच्या कामासाठी मात्र कंपनीकडे रिकामा लोनर, म्हणजे तात्पुरता वापरायचा, लॅपटॉप मागा, क्लायंटचा डेटा सोबत वाहून नेण्याची जबाबदारी आपल्या अंगावर कशाला, कंपनीचं वनपासवर्ड असेल तर ट्रॅव्हल मोडचा ताबा अ‍ॅडमिनकडेही असतो, तेही चांगलं.

आणि हो, लायनीत लागण्याआधी फोन चक्क बंद करा. नुसता लॉक नाही, बंद. बंद करून चालू केलेल्या फोनमध्ये पहिला पासकोड टाकेपर्यंत बहुतेक डेटाच्या कीज मेमरीत आलेल्याच नसतात, बोट आणि चेहराही चालत नाही. घरी करून बघा, आयफोन रिस्टार्ट करा, पासकोड टाकू नका आणि कुणाला तरी कॉल करायला सांगा, नाव येत नाही, नुसता नंबर येतो, कारण कॉन्टॅक्ट्ससुद्धा अजून उलगडलेले नाहीत. सेलेब्राइटसारख्या फोन उघडणाऱ्या मशीनला अशा फोनमधून काही काढणं फार अवघड जातं. तुम्हीच पासकोड दिला तर अर्थात हा उपाय संपला, पण तोपर्यंत फोनमधलं बघायला तुम्हाला निदान विचारावं तरी लागतं.

पर्यायांचं थोडक्यात. बिटवॉर्डनमध्ये असा मोड नाही, पण दोन अकाउंट करून एकातून लॉगआउट करून जाता येतं, फुकटात, जरा कटकट आहे. अ‍ॅपलचं पासवर्ड्स अ‍ॅप आणि गुगलचा मॅनेजर, दोन्हीत निम्मे पासवर्ड मागे ठेवून जायची सोय नाही, सगळे किंवा काही नाही. कीपास मात्र मला आवडतो, त्यात सगळा मामला एका फाईलचा, म्हणून प्रवासापुरती छोटी फाईल करायची आणि मोठी घरच्या पेनड्राइव्हवर ठेवायची, पैसा नाही, सर्व्हर नाही. पण सिंक स्वतःच बघावं लागतं आणि दिसायला ते अजून विंडोज एक्सपीच्या काळातलं वाटतं. ट्रॅव्हल मोडची खरी किंमत इथे कळते, पोचल्यावर दादाच्या वायफायवर वेबसाईटला लॉगिन केलं, मोड ऑफ केला, मिनिटभरात सगळं जिथल्या तिथे. प्रवासात जे नवे पासवर्ड सेव्ह झाले ते "प्रवास" कप्प्यात साचतात, ते मागाहून हलवावे लागतात, एवढंच.

किंमत डॉलरमध्ये आहे, रुपया घसरला की वाढते, फुकटचा प्लॅन नाही, चौदा दिवस ट्रायल मिळते. नुसत्या ट्रॅव्हल मोडसाठी कुणी वर्षाचे पैसे भरू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांच्याकडे आधीच आहे, ज्यांच्या लॅपटॉपवर क्लायंटची क्रेडेन्शियल्स असतात, पत्रकार, वकील, डॉक्टर, अशांनी तो लावायलाच हवा, पाचपैकी साडेचार देईन, अर्धा त्या डिव्हाइसच्या यादीसाठी कापलाय. आईबाबांना पहिल्यांदा पाठवताय म्हणून विकत घेत असाल तर दोनच, ते पैसे रोमिंग पॅकला लावा आणि एक संध्याकाळ त्यांच्या शेजारी बसून गॅलरी साफ करा. मी माझं रिन्यू केलं. बाबांना फॅमिली प्लॅन नाही घेतला, त्यांनी एक छोटी वही केलीय, ती आईच्या कपाटात असते, आणि कॉन्टॅक्ट्समध्ये आता फक्त खरी माणसं आहेत असं ते तरी म्हणतात.